जास्तीत जास्त १.०५

मराठीत एक्स-रेला क्ष-किरण म्हणतात. म्हणजे पुस्तकात म्हणतात, दवाखान्यात कोणी म्हणत नाही. तिथे सरळ "एक्स-रे काढून आणा", आणि गावाकडे तर "फोटो काढला का पायाचा?" पण मला हा 'क्ष' फार आवडतो. शाळेत बीजगणितात "समजा, क्ष म्हणजे..." अशी सुरुवात करायचो ना, तोच हा क्ष. माहीत नसलेली राशी. रॉन्टगेननं एक्स हे अक्षर घेतलं ते ह्याच अर्थानं, की हे किरण नक्की काय आहेत ते ठाऊक नाही. मराठीत ज्यानं कोणी भाषांतर केलं त्यानं नुसतं अक्षर उचललं नाही, अर्थ उचलला.

आजचा लेख क्ष-किरणांचं चित्र सुधारण्याच्या खटाटोपाबद्दल आहे. चांगली फिल्म, चांगला सेन्सर ह्या सुधारणा होतच असतात, त्या बाजूला ठेवू. मला सांगायचंय ते एका आकड्याबद्दल, जो १८९५ साली लिहिला गेला आणि ज्याच्या आत दडलेलं चित्र बाहेर यायला शंभर वर्षं लागली. थोडं फिजिक्स आहे, पण बारावीच्या पुढचं नाही. तेवढं सहन करा. :)

तर, ८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतलं वुर्झबर्ग. रॉन्टगेनला त्याच्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत हे किरण सापडले, आणि पुढचे सात आठवडे त्यानं जवळजवळ कोणाला काही सांगितलं नाही. एकटा प्रयोग करत बसला. २८ डिसेंबरला पेपर दिला. बायकोच्या हाताचं ते प्रसिद्ध चित्र, बोटात अंगठी असलेलं, सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पेपर मात्र फार कमी लोक उघडून बघतात. उघडून बघण्यासारखा आहे. छोटासा आहे, आणि एखादा चांगला टेस्टर नवीन प्रोग्रॅमवर जसा चारी बाजूंनी हल्ला करतो तसा रॉन्टगेन ह्या किरणांवर तुटून पडलाय. लाकडातून जातात का? पत्त्यांच्या कॅटमधून? ॲल्युमिनियममधून? चुंबकानं वळतात का?

त्यातल्या दोन टेस्ट आपल्या कामाच्या आहेत.

पहिली प्रिझमची. प्रकाश काचेत शिरला की वाकतो, ह्याला अपवर्तन म्हणतात (जुन्या पुस्तकांत वक्रीभवन). किती वाकतो ते अपवर्तनांकावरून कळतं. हवेचा जवळजवळ १, पाण्याचा १.३३, काचेचा १.५. हे नवीन किरण वाकतात का? रॉन्टगेननं अभ्रकाच्या प्रिझममध्ये पाणी भरून बघितलं, कार्बन डायसल्फाइड भरून बघितलं. काही नाही. मग एबोनाइट आणि ॲल्युमिनियमचे प्रिझम लावले आणि फोटोग्राफीच्या प्लेटवर चित्र घेतलं. इथे कदाचित, अगदी कदाचित, किंचित सरकल्यासारखं वाटलं. त्यावर त्यानं लिहिलं की सरकणं असलंच तरी ते इतकं थोडं आहे की अपवर्तनांक जास्तीत जास्त १.०५ असेल.

दुसरी टेस्ट मला जास्त आवडते. काच पारदर्शक असते, पण काचेचा चुरा पांढरा दिसतो. सैंधव मिठाचा खडा आरपार दिसतो, कुटून पूड केली की पांढरी. का? कारण प्रत्येक कणाच्या कडेला प्रकाश थोडा वाकतो, थोडा परततो, आणि हजारो कडांमधून जाताना पार विखुरला जातो. मग क्ष-किरण वाकत असतील तर अखंड तुकड्यापेक्षा पुडीतून ते कमी आले पाहिजेत. रॉन्टगेननं मिठाची पूड घेतली, चांदीची घेतली, जस्ताची घेतली. फरक शून्य. निष्कर्ष: लक्षात येण्याजोगं अपवर्तन नाही. म्हणून ह्या किरणांसाठी भिंगं करता येणार नाहीत.

ह्या दोन्ही टेस्ट नीट लक्षात ठेवा. दोन्ही परत येणार आहेत.

भिंग नाही म्हटल्यावर उरली ती सावली. आपण जो एक्स-रे काढतो तो फोटो नसतोच, ती सावली असते. हाडात कॅल्शियम आहे, ते किरण खातं, सावली गडद पडते. मांसात, चरबीत, फुप्फुसात मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, म्हणजे सगळी हलकी मंडळी. ती फारसं काही खात नाहीत. त्यामुळे मोडलेलं हाड झकास दिसतं, पण निरोगी ऊती आणि तिच्याच शेजारी सुरू झालेली गाठ ह्यांच्या सावल्या जवळजवळ सारख्याच पडतात. पिठात मिसळलेला मैदा शोधण्यापैकी प्रकार.

मग चित्र सुधारायचं कसं? सगळ्यात सोपा उपाय म्हणजे किरण वाढवणे. कमी उजेडात फोटो काढला की दाणेदार येतो, तसंच हे. पण इथे एक वाईट हिशेब आहे. चित्राची स्वच्छता किरणांच्या संख्येच्या वर्गमुळानं वाढते. दुप्पट स्वच्छ चित्र हवं असेल तर चौपट किरण, दहापट स्वच्छ हवं तर शंभरपट. आणि हे किरण भिंतीवर पडत नसतात, माणसावर पडत असतात. जी गाठ शोधायची तीच जास्त डोसमुळे व्हायची भीती. म्हणजे इथे पिक्चर क्वालिटीची किंमत पेशंटच्या अंगावर वसूल होते. ह्या लेखातला खरा पेच हा आहे, बाकी सगळी त्याच्याभोवतीची कथा.

पहिल्या शंभर वर्षांत लोक स्वस्थ बसले नव्हते. बेरियम पाजलं, आयोडीन टोचलं, म्हणजे सावली मुद्दाम गडद केली. १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये हाउन्सफील्डच्या यंत्रानं पहिल्या पेशंटच्या मेंदूचं सीटी स्कॅन काढलं. अफाट काम, नोबेल मिळालं. पण सीटी म्हणजेसुद्धा शेकडो दिशांनी काढलेल्या सावल्यांचा हिशेबच. मूळ मापन तेच, किती किरण खाल्ले गेले.

आता तो १.०५ बघू. क्ष-किरण वाकतात का? वाकतात. १९२४ साली स्वीडनमधल्या उप्सालाला लार्सन, सीगबान आणि वालर ह्या तिघांनी काचेच्या प्रिझममधून त्यांना वाकवून दाखवलं. फक्त अपवर्तनांक १ पेक्षा जास्त नाही, कमी निघाला, आणि तोही किती कमी? साधारण दशलक्षांशानं. रॉन्टगेनची टेस्ट बरोबर होती, त्याचं वाक्यही बरोबर होतं. त्याला लागणारं माप पन्नासएक हजार पट बारीक होतं, एवढंच. (अपवर्तनांक १ पेक्षा कमी म्हणजे प्रकाशापेक्षा वेगवान का? लाटेचे उंचवटे वेगानं सरकतात, त्यातून निरोप पाठवता येत नाही. आइनस्टाइनला धक्का नाही.)

आइनस्टाइनचं नाव निघालंच आहे तर एक गंमत. १९१८ साली वीसबाडेनच्या कोलर नावाच्या डॉक्टरनं त्याला पत्र लिहिलं, की माझ्या एक्स-रेमध्ये हातापायांच्या कडेला सुमारे एक मिलीमीटरची उजळ रेघ दिसते, हे काय? आइनस्टाइननं त्यावर छोटंसं टिपण छापलं. त्याचा अंदाज असा, की किरण कडेवर तिरपे आपटून परावर्तित होत असावेत, म्हणजे अपवर्तनांक १ पेक्षा किंचित कमी असावा. आजच्या माहितीनं हिशेब केला तर एक मिलीमीटर ही रेघ फारच जाड आहे, त्या काळच्या नळीवर अपवर्तनानं अशी रेघ येणार नाही. पण कडेकडे बघा आणि अपवर्तनांक १ च्या खाली शोधा, ह्या दोन्ही सूचना बरोबर ठरल्या.

बरं, दशलक्षांश म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. म्हणून मी एक हिशेब करून बघितला, तुम्हीही करा. २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण घ्या. त्यांची तरंगलांबी ०.०६२ नॅनोमीटर. समोर पाण्याचा ०.१ मिलीमीटरचा थर ठेवा, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढा. पाणी त्यातले किती किरण खाईल? एक टक्कासुद्धा नाही. सावलीच्या भाषेत तो थर अदृश्य आहे. आता लाटेचं बघा. पाण्याचा अपवर्तनांक १ पेक्षा ०.००००००५८ नं कमी. पण लाट इतकी चिमुकली आहे की त्या ०.१ मिलीमीटरमध्ये दीडएक दशलक्ष लाटा मावतात. प्रत्येक लाटेवर नखभर फरक, आणि बाहेर पडेपर्यंत एकूण फरक जवळजवळ एक अख्खी लाट! एकीकडे एक टक्क्याहून कमी, दुसरीकडे पूर्ण चक्र. हलक्या मूलद्रव्यांसाठी ह्या दोन परिणामांत हजारपट अंतर आहे.

लाट आपल्या चक्रात कुठे आहे, पुढे की मागे, ह्याला फेज म्हणतात (पाठ्यपुस्तकात 'कला'). म्हणजे गाठीची बातमी किरणांमध्ये होतीच. शंभर वर्षं प्रत्येक एक्स-रेमध्ये होती. पण फिल्म काय किंवा सेन्सर काय, आलेले किरण मोजतो. लाट पुढे होती की मागे हे त्याला कळत नाही. बातमी फिल्मपर्यंत पोचायची आणि तिथे फेकून दिली जायची. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा येत होता, लॉगिंग बंद होतं.

साध्या प्रकाशाच्या जगात हा प्रश्न आधीच सुटला होता. जिवंत पेशी पारदर्शक असतात, मायक्रोस्कोपखाली दिसत नाहीत. रंग दिला की दिसतात, पण बहुतेक वेळा मरतात. हॉलंडमधल्या ग्रोनिंगनचा फ्रिट्स झर्निके भलतंच काहीतरी, जाळीच्या पट्ट्यांमधले दोष, तपासत होता. त्यातून १९३० च्या सुमारास त्याला युक्ती सापडली. सरळ आलेल्या प्रकाशाची फेज पाव लाटेनं सरकवली की फेजमधला फरक उजेड-अंधारात दिसू लागतो. १९३२ मध्ये तो ही युक्ती घेऊन येनाला झाइस कंपनीत गेला. तिथल्या एका अनुभवी माणसानं त्याला ऐकवलं, की ह्याचा काही उपयोग असता तर आम्हीच तो केव्हाच शोधला असता! (हे खुद्द झर्निकेनंच १९५३ च्या नोबेल भाषणात सांगितलंय. शेवटचं हसू त्याचंच.)

क्ष-किरणांना हीच युक्ती लावायची म्हणजे अवघड काम. दोन लाटा एकमेकींवर टाकून त्यांची तुलना करायची, तर दोघींचे मार्ग नॅनोमीटरच्या अंशापर्यंत स्थिर हवेत. असं यंत्र जोडायचं कसं? १९६५ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात उलरिख बोन्झ आणि मायकल हार्ट ह्यांनी भन्नाट उत्तर दिलं: जोडूच नका. सिलिकॉनचा एकच अखंड स्फटिक घ्या आणि त्यातून तीन पातळ भिंती कोरून काढा, वेरुळच्या कैलासासारख्या. पहिली भिंत किरण दोन भागांत तोडते, दुसरी त्यांना परत जवळ आणते, तिसरी एकत्र करते. तिन्ही एकाच स्फटिकाच्या असल्यामुळे अणूंच्या ओळी आपोआप जुळलेल्या. असा निर्दोष सिलिकॉन तेव्हा मिळू लागला होता तो ट्रान्झिस्टरवाल्यांच्या कृपेनं. म्हणजे आमच्या धंद्याचा ह्या कथेत पहिला प्रवेश इथे. :)

ह्या यंत्रातून डॉक्टरांच्या उपयोगाचं चित्र काढलं ते जपानमध्ये. हिताचीमधले आत्सुशी मोमोसे ह्यांनी १९९६ मध्ये सशाच्या यकृताच्या तुकड्याचं त्रिमित चित्र प्रसिद्ध केलं. रंग नाही, आयोडीन नाही, आणि कॅन्सर झालेला भाग वेगळा दिसतोय. पण तुकडा केवढा? स्फटिकाच्या भिंतींमध्ये मावेल एवढाच. आणि किरण सिंक्रोट्रॉनचे, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल गोल पळवणाऱ्या अवाढव्य यंत्रातले. मोजमाप जबरदस्त, पण अख्खा माणूस त्यात कसा बसवायचा?

खरी उडी त्याच सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबलला बसली. तिथे नवाकोरा सिंक्रोट्रॉन सुरू झाला होता. १९९५ मध्ये स्निगिरेव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्फटिक, आरसा, भिंग काहीही नको. कॅमेरा मागे न्या. बस्स.

हे पटायला कठीण वाटतं, पण तुम्ही हे पाहिलेलं आहे. दुपारी उन्हात हौदाच्या तळाशी प्रकाशाची हलती जाळी दिसते ना? पाणी काही प्रकाश खात नाही. तरी तळाशी उजळ रेघा आणि काळपट डाग. कारण पाण्याच्या पृष्ठभागावरच्या लाटा प्रकाशाला थोडं इकडे, थोडं तिकडे वळवतात, आणि तळापर्यंत जाताना काही ठिकाणी किरणांची गर्दी होते, काही ठिकाणी ओस पडतं. तळहात पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटवून धरलात तर जाळी दिसणार नाही. खाली नेलात तर दिसेल. अंतर हेच भिंग. क्ष-किरण ऊतींमधून जाताना जेमतेम मायक्रोरेडियनमध्ये वाकतात, म्हणजे एक किलोमीटरवर एक मिलीमीटर. पण पेशंटच्या मागे कॅमेरा चिकटवण्याऐवजी मीटरभर, काही मीटर मागे ठेवला आणि तो पुरेसा बारीक असला, तर प्रत्येक ऊतीच्या कडेला एक उजळ आणि एक काळी रेघ उमटते. कोलरची रेघ! फक्त मिलीमीटरची नाही, मायक्रॉनची.

अट एकच, उजेड बारीक ठिपक्यातून आला पाहिजे. ढगाळ दिवशी हौदात जाळी दिसत नाही, तसंच. १९९६ मध्ये मेलबर्नच्या सीएसआयआरओ ह्या सरकारी संस्थेतल्या विल्किन्स आणि मंडळींनी दाखवलं की सिंक्रोट्रॉनही लागत नाही. बारीक ठिपक्याची साधी एक्स-रे नळी, सगळ्या रंगांची सरमिसळ असलेले किरण, तरी चालतंय.

इथपर्यंत हार्डवेअर झालं. आता माझ्या आवडीचा भाग.

ही चित्रं दिसायची सुंदर, पण विचित्र. सगळं कडांचं चित्र. पेन्सिलनं बाह्यरेषा काढल्यासारखं. आत किती जाडी आहे, ऊती कोणती आहे, हे सरळ वाचता येईना. त्यासाठी वेगवेगळ्या अंतरांवर अनेक चित्रं घ्यायची आणि मोठा हिशेब करायचा. अनेक चित्रं म्हणजे अनेक डोस. परत तोच पेच.

२००२ मध्ये मेलबर्नच्याच डेव्हिड पॅगनिन आणि चार सहकाऱ्यांनी एक पेपर लिहिला. त्यांनी एक धीट गृहीतक घेतलं: समजा, वस्तू एकाच पदार्थाची आहे. मग किती खाल्लं आणि किती वाकवलं ह्या दोन वेगळ्या अज्ञात राशी राहत नाहीत. दोन्ही जाडीवरच अवलंबून. क्ष एकच उरला. एक क्ष, एक समीकरण, म्हणून एकच चित्र पुरे! कृती अशी: चित्राचं फूरिये रूपांतर करा, प्रत्येक वारंवारतेला एका साध्या संख्येनं भागा (१ अधिक वारंवारतेचा वर्ग गुणिले एक स्थिरांक), उलट रूपांतर करा, लॉगरिदम घ्या. झालं. मी एका रविवारी हे लिहून बघितलं. फाइल वाचणं-लिहिणं धरून चाळीसेक ओळी. त्यातली अर्थाची ओळ एक.

आता कोणीही इमेज प्रोसेसिंगवाला म्हणेल, की हा तर साधा ब्लर आहे. उच्च वारंवारता भागून कमी केल्या म्हणजे चित्र धूसर होणार. इथेच मेख आहे. कॅसेटच्या डेकवर डॉल्बीचं बटण असायचं, आठवतं? (गणपतीच्या मिरवणुकीतली डॉल्बी नव्हे!) टेपचा स्वतःचा 'हिस्स' असा आवाज असायचा. डॉल्बीची युक्ती अशी, की रेकॉर्ड करतानाच बारीक आवाजातले वरचे सूर मुद्दाम चढवायचे, आणि ऐकताना तेवढेच उतरवायचे. गाणं मूळपदावर येतं, पण हिस्स मधे टेपवर घुसलेला असतो, त्याला चढवलेलं नसतं, तो फक्त उतरतो. इथे तेच. अंतर कापताना निसर्गानं कडा चढवल्या. मग कॅमेऱ्यापाशी गोंगाट घुसला. पॅगनिनच्या भागाकारानं कडा पूर्ववत केल्या आणि गोंगाट दाबला. चित्र धूसर न होता स्वच्छ झालं. साधा धूसर फोटो शार्प करायला गेलं की दाणे वाढतात, इथे उलट हिशेब. दोन मीटर रिकामी हवा आणि एक भागाकार, ह्यांनी वर्गमुळाच्या त्या क्रूर नियमाला बगल दिली.

फायदा किती? मोनाश विद्यापीठाच्या मार्कस किचन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सशाच्या पिलांच्या छातीचे सीटी स्कॅन घेऊन मोजलं. त्याच दर्जाच्या चित्रासाठी लागणारा डोस हजारो पटींनी कमी करता येतो असं त्यांनी दाखवलं. टक्क्यांत नाही, पटीत.

फुप्फुसच का? कारण फुप्फुस म्हणजे हवेच्या लाखो फुगुल्या, म्हणजे लाखो कडा. सावलीत ते जवळजवळ रिकामं दिसतं, फेजमध्ये झगमगतं. ह्याच मंडळींपैकी स्टुअर्ट हूपर ह्यांच्या गटानं २००७ मध्ये जपानच्या स्प्रिंग-८ सिंक्रोट्रॉनवर सशाच्या पिलांचे जन्मानंतरचे पहिले श्वास चित्रित केले. जन्माआधी फुप्फुसात द्रव असतो, आणि तो काही क्षणांत जाऊन तिथे हवा यावी लागते. दिसलं असं, की प्रत्येक श्वास आत घेताना द्रव मागे ढकलला जातो आणि हवा एकेक पायरी पुढे सरकते. श्वास सोडताना जवळजवळ काही हलत नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला पहिला श्वास कसा द्यायचा, हा प्रश्न ज्या डॉक्टरांपुढे असतो त्यांच्यासाठी ही साधी माहिती नाही.

आता रॉन्टगेनची दुसरी टेस्ट, पुडीची. १८३६ साली हेन्री फॉक्स टॅलबॉटनं (फोटोग्राफीत निगेटिव्ह आणणारा तोच) पाहिलं होतं की बारीक जाळीमागे ठरावीक अंतरावर जाळीची हुबेहूब प्रतिमा आपोआप उमटते, भिंगाशिवाय. ही प्रतिमा किंचित हलली तरी कळतं, म्हणून वाकणं मोजायला ती उत्तम. २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत फ्रान्झ फायफर आणि सहकाऱ्यांनी मायक्रॉनच्या मापाच्या तीन जाळ्या वापरून साध्या, जाड ठिपक्याच्या एक्स-रे नळीवर फेजचं चित्र काढून दाखवलं. २००८ मध्ये त्याच जाळ्यांतून आणखी एक चित्र निघालं, डार्क-फील्ड. जिथे आत चुरा, फेस, भुकटी असं काही आहे तिथे किरण विखुरतात आणि जाळीची प्रतिमा पुसट होते. किती पुसट झाली ते मोजा. म्हणजे मिठाच्या पुडीची टेस्टच की! ११३ वर्षांनी पास.

आणि माणसाच्या शरीरात असा फेस कुठे आहे? पुन्हा फुप्फुसात. एम्फिसीमा नावाच्या आजारात वायुकोशांच्या भिंती नष्ट होत जातात, बारीक फुगुल्यांच्या जागी मोठ्या पोकळ्या होतात. साध्या एक्स-रेमध्ये हे बरंच पुढे गेल्यावर कळतं. कडा कमी झाल्या की डार्क-फील्डचा उजेड कमी होतो. २०२१ मध्ये म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटानं, फायफरही त्यात होते, अशा यंत्रानं सीओपीडीच्या पेशंटच्या छातीची चित्रं घेऊन हे दाखवलं. उभं राहायचं, श्वास रोखायचा, काही सेकंद.

मग हे आपल्या कोपऱ्यावरच्या एक्स-रे सेंटरमध्ये का नाही? कारण प्रत्येक युक्ती कुठेतरी पैसे मागते. अंतराची युक्ती ठिपका बारीक मागते, आणि बारीक ठिपक्यातून किरण थोडे येतात, म्हणजे पेशंटला जास्त वेळ न हलता थांबावं लागेल. पॅगनिनची युक्ती एकच पदार्थ मागते. हाड आणि मांस शेजारी आले की त्या सीमेवर चित्र बिघडतं. जाळीची युक्ती किरणच मागते: शेवटची जाळी पेशंटमधून पार झालेले निम्मे किरण गिळते. म्हणजे डोस पेशंटनं घेतला आणि निम्मी कमाई वाटेत गेली. सिंक्रोट्रॉनवर हे प्रश्न कमी होतात, पण ग्रेनोबलच्या रिंगचा परीघ ८४४ मीटर आहे. तो तालुक्याच्या गावी नेता येत नाही. इटलीत ट्रिएस्टला २००६ पासून उलटं केलं, पेशंटच सिंक्रोट्रॉनपाशी आणले. ज्या बायकांच्या साध्या मॅमोग्राफीतून आणि सोनोग्राफीतून निश्चित निदान होत नव्हतं, त्यांची चित्रं तिथे फेज वापरून काढली.

जिथे वस्तू हलत नाही आणि डोसची तक्रार करत नाही, तिथे मात्र ह्या तंत्रानं धमाल केली आहे. फ्रान्सच्या शारांत भागातल्या अंबरचे, म्हणजे दगड झालेल्या डिंकाचे, काही खडे इतके अपारदर्शक आहेत की आतले किडे दिसतच नाहीत. २००८ मध्ये ग्रेनोबलला असे ६४० तुकडे तपासले आणि आत ३५६ प्राणी सापडले. डायनासोरच्या काळातले, न फोडता. आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (परीघ साधारण १७२ मीटर) अशा चित्रणासाठी वेगळी बीमलाइन आहे, तिच्यामागे मुंबईच्या बीएआरसीचे लोक आहेत.

मला ह्या सगळ्यात राहून राहून रॉन्टगेनचं ते वाक्य आठवतं. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर "क्ष-किरण वाकत नाहीत" असं लिहून मोकळा झाला असता. पुढे कितीतरी वर्षं लोकांनी व्यवहारात तसंच धरलं. त्यानं तसं लिहिलं नाही. माझ्या मापानं एवढंच सांगता येतं, ह्याच्या वर नाही, असं लिहिलं. 'नाही' आणि 'जास्तीत जास्त इतकं' ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'नाही' म्हटलं की फाइल बंद. 'जास्तीत जास्त १.०५' म्हटलं की पुढच्याला कळतं, इथपर्यंत शोधून झालंय, ह्याच्या खाली खणा. आम्ही बग रिपोर्टवर "रिप्रोड्यूस होत नाही" असं लिहून तो बंद करतो, तेव्हा खरं तर "ह्या मशीनवर, इतक्या वेळा करून बघितलं" हे लिहायला हवं. सोमवारी ऑफिसात हे सांगून बघतो. :)

असो. लेख लांबला. पुढच्या वीकेंडला काहीतरी हलकं लिहीन म्हणतो.